तिच्याच ओट्यावर मागितलेली विनंती

बाईंनी माझी टोपली पायानं ढकलली. हातानं नाही, पायानं. ओट्यावर प्रार्थना गटाच्या बायका चहा पीत बसल्या होत्या.

"हिचं सुकं घेऊ नका. माझा नातू हिचे बोंबील खाऊन दवाखान्यात पडला."

मी अर्नाळ्याची. बोंबील मी स्वतः वाळत घालते आणि दव पडायच्या आत स्वतः काढते. माझं डोकं फिरलं.

"बाय, खोटं नको बोलू. माजा माल आजवर कोनाला बाधला नाय."

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. गटात बायबल त्याच समजावतात. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"जिभेला लगाम घाल. संत याकोबाचं पत्र वाचलंयस कधी? कुठून वाचणार. तुमचं तोंड बाजारातच उघडतं."

बायका हसल्या. मी खाली बसून त्यांच्या चपलांमधून बोंबील वेचले. ते हसणं मी विसरले नाही. विसरायचंही नाही.

गिऱ्हाइकं तुटली. मी गल्लीत शिरले की दारं लागायची. घर त्याच टोपलीवर चालतं माझं.

एक दिवस त्यांची सून फाटकाशी आली, इकडेतिकडे बघत.

"मावशी, बाळाला वाढदिवसाचा शिळा केक बाधला होता. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. आईंना माहीत आहे."

म्हणजे माहीत होतं. आणि तरी दर रविवारी आमच्याच चर्चमध्ये वेदीजवळ उभं राहून खणखणीत आवाजात बायबलचं वाचन करत होती. त्या दिवसापासून माझ्या मनात ती 'त्या बाई' राहिली नाही. 'ती' झाली.

घरी जाऊन मी बायबल काढलं. सातवी शिकलेय मी, वाचता येतं. याकोबानं लिहिलंय, जीभ एवढीशी असते पण अख्खं रान पेटवते. ज्या तोंडानं देवाची स्तुती करायची, त्याच तोंडानं माणसाला शाप द्यायचा, हे चालणार नाही. मी परत वाचलं. ते पत्र मला नव्हतं. तिला होतं.

ऑक्टोबरात आमच्याकडे रोज संध्याकाळी एकेका घरी सगळ्यांनी जमून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची असते. तिच्या घरची पाळी आली, तशी मी त्याच ओट्यावर गेले. रोझरी संपल्यावर ज्याची त्याची विनंती असते. एकानं मोठ्यानं मागायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. कुणी आजाऱ्यासाठी मागितलं, कुणी पोराच्या नोकरीसाठी. मग मी उभी राहिले. शिव्या जिभेवर होत्या. गिळल्या. हळूच बोलले.

"या घरचं पोर शिला केक खाऊन आजारी परलं. आळ माज्या बोंबलांवर आला. ज्या तोंडानं आळ घेतला, त्या तोंडाला खरं सांगायची ताकद मिलू दे, म्हनून प्रार्थना करू या."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

सगळे म्हणाले. सवयीनं म्हणाले, आणि मग काय म्हणालो ते कळलं. सुनेचा आवाज सगळ्यांत मोठा होता. सवयीनं तिची सासूही म्हणून गेली होती.

"हे प्रार्थनेत बोलायचं नसतं," ती म्हणाली. आवाज फाटला होता.

"मी कोनाचं नाव घेतलं नाय, बाय."

कुणी हसलं नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

फादर म्हणतात, क्षमा कर. करीन की. पण आधी तिनं वेदीजवळ उभं राहून, त्याच खणखणीत आवाजात, खरं सांगायचं. उद्या रोझरी शेजारच्या घरी आहे, परवा त्याच्या पुढच्या. मी रोज जाणार. हीच विनंती मागणार, इतक्याच हळू. आणि तिला रोज सगळ्यांबरोबर साथ द्यावी लागणार.