लाईलकाका कॉलियर स्टेटबद्दल बोलत नसे

ऑगस्टमध्ये मिसिसिपीतले सगळे फुटबॉल कोच एकच भाषण करतात. मला ते पाठ आहे. हनुवटी आत ओढून, नाकातून आवाज काढत मी ते म्हटलं की आमच्या घरात जेवणाऱ्यांना ठसका लागतो. "पोरांनी उन्हाळाभर घाम गाळलाय. पोरं भुकेली आहेत. आम्ही एका वेळी एकाच सामन्याचा विचार करतो." हा झाला उत्तरेकडचा कोच. दक्षिणेकडचाही हेच म्हणतो, फक्त मधूनमधून देवाचे आभार मानतो.

या भाषणाचा अर्थ लावावा तर लाईलकाकानं. ‘पोरं भुकेली आहेत’ म्हणजे पोरं अंगानं कमी आहेत. ‘क्वार्टरबॅकच्या जागेसाठी चुरस आहे’ म्हणजे दोघांनाही चेंडू धड फेकता येत नाही. ‘गेल्या वर्षीचं आम्ही विसरलोय’ म्हणजे कोचला झोप लागत नाही.

लाईल स्ट्रिंगर हा माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. नात्यानं आजोबाच, पण अख्खं टिलरी गाव त्याला काका म्हणतं म्हणून मीही म्हणते. हिवाळाभर तो घरं उबदार ठेवायच्या गॅसची टाकीगाडी घेऊन खेड्यापाड्यांतल्या घरांच्या टाक्या भरत हिंडतो. उन्हाळ्यात गॅस कोण घेणार? मग तो कॉलेजांच्या सरावांना जातो, आणि ऑगस्ट संपता संपता एका शनिवारी, अग्निशामक दलाच्या शेडमध्ये, तळलेल्या कॅटफिशच्या जेवणावर, यंदा कोण कसं खेळणार ते एकेक संघ घेऊन सांगतो. ऐकणारे सोमवारी गाड्या काढून किनाऱ्यावरच्या कॅसिनोत जातात आणि पैजा लावतात.

गावातले बाप्टिस्ट पंथाचे लोक पैजा लावत नाहीत, ते पाप. ते शेडमध्ये पाऊलही टाकत नाहीत. ते बाहेर, आपापल्या पिकअप गाड्यांत, काचा खाली करून बसतात. विचारलं तर म्हणतात, हवा खायला आलोय. ऑगस्टमध्ये, मिसिसिपीत, हवा. त्यांच्यासाठी काकाची बायको वर्नाकाकू शेडचं मोठं दार सताड उघडं ठेवते आणि कागदी ताटल्यांतून मासे बाहेर पाठवते. मासे खाणं पाप नाही.

सराव पाहायला मिळतो असं नाही. मैदानाच्या कुंपणाला चहूकडून जाड हिरवं कापड बांधलेलं असतं. लाईलकाका त्या कापडाबाहेर गवतात बसतो, टोपी डोळ्यांवर ओढतो आणि ऐकतो. पुढच्या फळीतली पोरं एकमेकांवर आदळली की एकच दणका यायला हवा. टिनच्या छपरावर गारा पडल्यासारखं वाजलं तर त्या संघाचं खरं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं शेवटी. सराव संपताना पोरं व्यायामाचे आकडे मोठ्यानं, एका सुरात मोजतात. सप्टेंबरातले सामने कोणीही जिंकेल, काका म्हणतो, नोव्हेंबरातले कोण जिंकणार ते त्या मोजण्यातून कळतं.

सगळ्या संघांबद्दल तो सांगतो. एक सोडून. कॉलियर स्टेटची पाळी आली की तो पाण्याचा पेला उचलतो, शेवटपर्यंत पितो, खाली ठेवतो आणि पुढच्या संघाकडे वळतो.

का, ते गावात प्रत्येकाला माहीत आहे. रॉइस हा काकाचा एकुलता एक मुलगा. कॉलियरच्या पुढच्या फळीत खेळायचा. माझ्या जन्माआधीच्या एका ऑगस्टमध्ये, दुपारच्या सरावात, उन्हानं पडला आणि संध्याकाळच्या आत गेला. त्याच्या दफनाला सगळं टिलरी आलं होतं आणि घरी इतकं जेवण पोचलं होतं की ठेवायला जागा उरली नव्हती. हीच माणसं दर वर्षी शेडमध्ये बसून काकाच्या गळ्याकडे टक लावून बघायची. पाणी कसं पितो? हळूहळू प्यायला तर कॉलियर जोरात. घटाघट प्यायला तर आपटणार. टायरवाला जिमी रे टॉलिव्हर यातला मोठा जाणकार. एका वर्षी काकाला मध्येच ठसका लागला, तर जिमी रेनं तिथल्या तिथं सांगून टाकलं की कॉलियर पहिलाच सामना हरणार. हरलेही ते. त्या दिवसापासून त्याला कोणी काही समजावू शकलेलं नाही. दुष्टपणा नव्हता यात. ऑगस्टमध्ये आमच्याकडच्या माणसाला सगळ्यातच इशारा दिसतो.

काकाच्या घरी मात्र ऑगस्टमध्ये दुपारी गेलं की मला धास्ती वाटते. तीनच्या सुमाराला वर्नाकाकू टीव्ही बंद करते आणि पाण्यानं भरलेला जग ओसरीच्या कठड्यावर नेऊन ठेवते. मग दोघंही आत बसतात आणि बोलत नाहीत. ऊन उतरल्यावर ती जग आत आणते तेव्हा पाणी कमी झालेलं असतं. उन्हानं पाणी आटतं, हे मलाही कळतं. पण जगवर झाकण असतं. एकदा मी नेमकी त्या वेळी कोचची शिट्टी वाजवून दाखवली, दोन बोटं तोंडात घालून, अगदी हुबेहूब. काका उठला, फाटकापर्यंत चालत गेला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला. कोणीतरी उशीर करतंय आणि आता येईलच, असं बघत.

यंदा त्याला मोतीबिंदू झाला म्हणून गाडी मी चालवत होते. दोन कॉलेजं करून परत येताना एका चौकात तो म्हणाला, डावीकडे घे. डावीकडे फक्त कॉलियर स्टेट आहे. मी गाडी वळवली.

कारण मला ठाऊक होतं. बाप्टिस्ट चर्चचे डीकन, म्हणजे कारभारी, हार्लन पिट्स यांचा मुलगा कोल्बी यंदा कॉलियरच्या पुढच्या फळीत लागला होता. अंगानं रॉइसएवढा, जागाही रॉइसचीच. आणि कोच नवा आला होता, पोरांना कणखर करण्याबद्दल नावाजलेला.

आम्ही कापडाला टेकून बसलो. कोचचा आवाज गोड होता, लहान मुलांना झोपवायला बसावं तसा. "इथं पाणी मिळत नाही, मुलांनो. इथं पाणी कमवावं लागतं." पोरं मोजायला लागली. कोल्बीचा आवाज मी गर्दीतूनही ओळखीन, शाळेच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून वर्षानुवर्षं त्यानं माझं डोकं खाल्लंय. तो आवाज आधी सगळ्यांबरोबर होता. मग किंचित मागून यायला लागला. मग चिरका झाला, आणि मग त्यातला ओलावाच गेला. नुसता कोरडा आकडा, काठीवर काठी घासल्यासारखा. काकानं कापड मुठीत गच्च धरलं होतं.

परतीच्या वाटेवर त्यानं गाडीची काच वर केली. मग म्हणाला, "त्या दिवशीही मी इथंच बसलो होतो."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"रॉइसचा आवाज मागं पडत होता. मला ऐकू येत होतं. आणि मी काय विचार केला असेल? बाकीच्या पोरांना काय दम आहे. हा संघ नोव्हेंबर मारणार."

मी विचारलं, "मारला?"

"मारला," तो म्हणाला.

घरी येताच त्यानं डीकन पिट्सना फोन लावला. मी शेजारीच होते. पिट्स फार सभ्य माणूस, हळू आणि तोलून बोलतात. ते म्हणाले, "ब्रदर लाईल, त्या संघाबद्दल मला काही सांगू नका. पैजेचं बोलणं या घरात होत नाही."

"पैजेचं नाही, हार्लन. पोराला घरी घेऊन ये."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पिट्स म्हणाले की सामने तोंडावर आले असताना कॉलियरचा एक तगडा गडी घरी बसला तर पैजेचा भाव कुठं सरकतो, हे पैज न लावणाऱ्यालाही समजतं. लाईल असं करील असं त्यांना वाटलं नव्हतं. ते त्याच्यासाठी प्रार्थना करतील. आणि फोन ठेवला. काका दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात गेला तर मिसेस पिट्सनी जाळीच्या दारामागूनच सांगितलं की डीकन घरी नाहीत. डीकनचे बूट दारातच होते. काकानं कॉलियरच्या कचेरीतही फोन केला. तिथल्या मुलीनं गाणं म्हटल्यासारखं सांगितलं, कॉलियर स्टेटवर प्रेम केल्याबद्दल आभार. मी कोल्बीला मेसेज केला, तर त्यानं फुगवलेल्या दंडाचा फोटो पाठवला.

शनिवार आला. शेड भरली. वर्नाकाकू दाराजवळच्या मोठ्या कढईत मासे सोडत होती, बाहेर पिकअप गाड्या ओळीनं लागल्या होत्या आणि पिट्सची निळी गाडी दाराच्या अगदी समोर होती. काकानं नेहमीसारखी सुरुवात केली. उत्तरेकडच्यांची फळी गारांसारखी वाजते. डोंगरपट्ट्यातल्यांकडे फेकणारा आहे पण झेलणारा नाही. लोक हसत होते, खात होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते. मग कॉलियरची पाळी आली आणि सगळे काटे थांबले. जिमी रे खुर्ची पुढे ओढून बसला.

काकानं पेला उचलला नाही.

"कॉलियर स्टेट," तो म्हणाला. हे नाव त्याच्या तोंडून तिथं कोणी ऐकलं नव्हतं. बाहेर एका गाडीतला रेडिओ बंद झाला.

मला वाटलं, आता तो कोचबद्दल सांगेल, पाण्याबद्दल सांगेल. त्यानं डोळे मिटले आणि मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. आवाज त्याचा नव्हता. विशीतल्या मुलाचा होता. चार, पाच, मोठ्यानं, ऐटीत. मग सहा जरा उशिरा. सात म्हणताना जीभ टाळूला चिकटली. आठाच्या जागी पुन्हा सात आला. मग एक कोरडा श्वास, आणि मधेच, अगदी हळू, कोणालाच उद्देशून नाही असं, "पाणी." मग पुन्हा सात.

मी गावातल्या प्रत्येकाचा आवाज काढते. पाद्रीबाबांचा, जिमी रेचा, त्याच्या कुत्र्याचासुद्धा. कोल्बीचा तर झोपेतही काढीन, तो वर जाताना नाकात शिरतो. हा आवाज नाकात शिरत नव्हता. हा खालचा होता, छातीतला, आणि ‘स’ म्हणताना किंचित तोतरा. तो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. तरी तो कोणाचा ते मला कळलं, कारण काका कोणाची नक्कल करत नसतो. त्याला ती येतच नाही.

कढईपाशी पाठमोरी उभी असलेली वर्नाकाकू वळली नाही. तिनं झारा बाजूला ठेवला, ॲप्रनला हात पुसले, आणि आतल्या खोलीतून कोणी हाक मारल्यावर म्हणावं तसं म्हणाली, "आले रे, आले हं."

कढईतला मासा करपायला लागला. काका उभाच होता, डोळे मिटलेले, ओठ हलत होते पण आता आवाज येत नव्हता.

पहिला बोलला तो जिमी रे. शेजाऱ्याच्या कानाशी लागला, पण त्याचं कुजबुजणं सगळ्या शेडला ऐकू येतं. "म्हणजे शेवटच्या सत्रात दम संपणार. विरुद्ध लावायचं." शेजाऱ्यानं मान डोलावली. दोघातिघांनी आपसांत डोळ्यांनीच ठरवलं. त्या क्षणी मला त्यांच्यापैकी एकाचाही आवाज काढावासा वाटला नाही.

बाहेर निळी गाडी सुरू झाली. पिट्सनी दिवे लावले नाहीत, गुडघ्यावरची ताटली खाली ठेवली नाही, गाडी वळताना ती खिडकीतून उडून रस्त्यावर पडली. ते कॉलियरच्या दिशेनं गेले. त्यांनी आपल्या मुलाचा आवाज ऐकला होता. तो त्यांच्या मुलाचा नव्हता हे त्या गर्दीत तिघांनाच माहीत होतं, आणि तिघांपैकी कोणीही त्यांच्यामागे धावलं नाही.

रविवारी दुपारी, नेमकी ती तीनची वेळ झालेली असताना, कोल्बी काकाच्या ओसरीवर आला. बापानं त्याला वसतिगृहातून दंडाला धरून आणलं होतं. त्याचे ओठ फुटून त्यांवर खपल्या धरल्या होत्या. तो आला तो ओरडतच. काकानं त्याचं वाटोळं केलं. त्याला काही झालं नव्हतं. एकदाच पडला होता आणि लगेच उठला होता. कोचनं फोनवर सांगितलंय की आता परत यायची गरज नाही. म्हाताऱ्यांना घरात करमत नाही म्हणून पोरांच्या आयुष्यात नाक खुपसतात. असं बरंच. काही शब्द तर डीकनच्या घरात तो शिकला नसणार.

मी त्याला गप्प करायला उठले, तर वर्नाकाकूनं माझा हात धरून मला खाली बसवलं. "ओरडू दे गं त्याला," ती म्हणाली. तिनं त्याच्यापुढे मक्याच्या पावाचं ताट ठेवलं. तो भरल्या तोंडानं ओरडत राहिला. काका समोरच्या खुर्चीत बसून ऐकत होता. टोपी डोळ्यांवर नव्हती, मांडीवर होती. कोल्बी दमायला लागला की तो हळूच काहीतरी विचारायचा, आणि कोल्बी पुन्हा पेटायचा. त्या ओसरीवर त्या वेळी इतका आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"आणि माझी जागा कोणाला दिली माहितीये?" कोल्बी म्हणाला. "त्या टँकला. त्याला धड पळताही येत नाही. पहिल्या दिवसापासून ओकतोय."

काकाची बोटं टोपीवर थांबली. "टँक म्हणजे कोण?"

"आहे एक. अर्कान्सातला का कुठला."

"खरं नाव काय त्याचं?"

कोल्बी काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. सगळे त्याला टँकच म्हणतात, तो म्हणाला.

"आडनाव असेल की, पोरा. घर असेल. आठव."

काकूनं आतून फोन आणून काकाच्या गुडघ्यावर ठेवला. कोल्बीनं घास गिळला. तो बोलायचा थांबला आणि ओसरी एकदम शांत झाली, आणि आम्ही तिघंही त्याला ते नाव आठवण्याची वाट बघत बसलो.