कोंगोचं नवं पान

लातुरात भांडी विकणारे पुष्कळ होऊन गेले, पण गिऱ्हाइकाला सोडून हंड्याची बाजू घेणारा दुकानदार एकच झाला, आणि ते माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचे. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा आणि बोटं सदा कशावर तरी वाजत. घागर विकण्याआधी ते तिच्यावर टिचकी मारून कान लावत. आवाज बद्द आला की लगेच देऊन टाकत. गोड आला की जीव अडकायचा. "ही न्हाई द्यायची, ताई. हिचा गळा लई चांगला हाय," असं म्हणून त्यांनी ऐन दुष्काळात, सगळं गाव हंडे-कळशा शोधत फिरत असताना, गिऱ्हाईक परत पाठवलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

नांदेडचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा तिथल्या वादकाला पितळी घागरी देऊन मामांनी त्याची कोंगोची जोडी घरी आणली. कोंगो म्हणजे कमरेएवढे उंच लाकडी ढोल, उघड्या पंजांनी वाजवायचे. शिकवायला लातुरात कोण असणार? मामा रेडिओ ऐकून स्वतःच शिकले. मी देगलूरहून लग्न होऊन आले, त्यानंतर एका सकाळी ते पहिल्यांदा ऐकलं आणि पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिले. एरवी मान वर करून न बोलणाऱ्या या माणसाच्या पंजांत एवढं काही साठलेलं असेल, असं वाटलं नव्हतं. सासूबाईंना मात्र ते पसंत नव्हतं. "दुकानदार माणसाला शोभतंय का हे?" एवढं म्हणून त्या आत निघून जात.

त्याच सुमारास लातूर जिल्हा वेगळा झाला. पाऊस नव्हता, पण जिल्हा झाला होता; त्याचा आनंद म्हणून मैदानात गाण्यांचा कार्यक्रम ठरला आणि गावातल्या कलाकारांनी मामांना बोलावलं. चारचौघांत वाजवायची त्यांची ही पहिलीच वेळ. नेमकं तेव्हाच, उन्हानं ताणून ताणून मोठ्या कोंगोचं कातडं फाटलं.

उदगीरचा कारागीर नवं कातडं घेऊन आला. "रातभर पाण्यात भिजवावं लागंल, अप्पा," तो म्हणाला. आमच्याकडे पाणी टँकरचं, तेही रोज नाही. मामांनी कातडं हातात घेतलं, त्यावरून बोटं फिरवली आणि परत दिलं. "जनावरांना प्यायला पाणी न्हाई, आन् मी कातडं भिजवत बसू?" त्यानंतर ते दुकानात जाऊन बसले, आणि त्या दिवशी त्यांनी एकाही भांड्याला टिचकी मारली नाही. ते मला बघवेना. माझा भाऊ मालासाठी हैदराबादला जायचा. त्याला निरोप धाडून मी कातड्याच्या जागी बसवायचं प्लास्टिकचं पान मागवलं. त्याला पाणी लागत नाही, असं भावानंच मागे सांगितलं होतं.

पान आलं, पण बसेना. जुनं लाकूड वाळून कोंगोचं तोंड वाकडं झालं होतं. मामांनी काठ काचकागदानं घासला, त्यावर मेणबत्ती फिरवली, मग पान ठेवून वरून लोखंडी कडं चढवलं. कड्याचा एक नट किंचित आवळायचा, मग त्याच्या समोरचा, आणि प्रत्येकाजवळ बोटानं वाजवून ऐकायचं. तेवढा वेळ घरात कुकर लावायला बंदी. शेवटी त्यांनी पंजा मारला. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा आला.

"बोलतंय, पण नाकातनं बोलतंय," मामा खिन्नपणे म्हणाले. पुन्हा सगळं सोडवलं, पुन्हा आवळलं, नाक काही जाईना. आतून सासूबाई आल्या. त्यांनी जुन्या लुगड्याची एक पट्टी टर्रकन फाडली आणि पुढे केली. "तोंडावर पदर द्या त्याच्या. न्हाईतर आज आम्हाला जेवण न्हाई." मामांनी ती पट्टी पानाला आतून चिकटवली, पान परत बसवलं आणि वाजवलं. आवाज खोल, गोल आला. सासूबाईंनी आत जाऊन कुकर लावला.

कार्यक्रमाच्या दिवशी उन्हं कलेपर्यंत भाषणंच चालली. उन्हात तापून ढोलक्यांचा सूर चढला होता, वादक त्या ठोकून ठोकून बेजार झाले होते. मामांच्या कोंगोचा सूर जागचा हलला नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली, आणि हळूहळू मैदानातलं बोलणं थांबलं. शेजारच्या बाईनं सासूबाईंना विचारलं, "कोण हो ते?"

"आमचेच हायत," सासूबाई म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

नंतर त्यांना कुणी फारसं बोलावलं नाही. मामा घरीच वाजवत राहिले, हात थरथरू लागेपर्यंत. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते पान अजून जराही सैल पडलेलं नाही. धूळ पुसताना सासूबाईंचा हात कधी जोरात पडतो आणि कोंगो वाजतो. मग फडकं तसंच हातात धरून, आवाज पुरता विरेपर्यंत त्या उभ्या राहतात.