रसदीच्या ट्रकमधली दोन माणसं

माझी आत्या जन्मभर कवळ्या बनवत आली. दातांच्या डॉक्टरांची कामं घेणारी एक लहानशी लॅब होती, तिच्या मागच्या खोलीत खिडकीजवळ आत्याचं टेबल. मेण वितळवायचा दिवा, प्लास्टरचे साचे आणि सुईसारखी बारीक हत्यारं. बसमध्ये समोरचं कुणी हसलं की ती माझ्या कानाशी लागायची, "वरची माझी आहे. खालची दुसऱ्या कुणाची तरी."

लग्न तिनं केलं नाही. आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. निवृत्त झाली आणि तिच्या हातांना चैन पडेना. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक कापून फुलं कर, मेणाचे उंदीर कर, असं चाललं होतं. म्हणून एका संध्याकाळी मी तिला छोटी मॉडेल्स विकणाऱ्या दुकानात घेऊन गेले. खोक्यांतून सुटे भाग येतात, ते चिकटवून रंगवायचे.

दुकानदारानं आधी रणगाडे दाखवले, मग विमानं. आत्या मान हलवत राहिली.

"रसदीचा ट्रक आहे का? पीठबीठ नेणारा. लढाईच्या काळातला."

"ताई, ट्रक कोण घेतं?" दुकानदार म्हणाला. "एक पडून आहे मागं."

"तोच द्या. आणि आत बसवायला माणसं लागतील, दोन."

घरी येताना मी विचारलं, ट्रकच का. तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते बाबांनी कधी धड सांगितलं नव्हतं. त्यांना सांगता येण्यासारखंही नव्हतं, कारण तेव्हा ते तान्हे होते.

लढाईत त्यांच्या गावाचा रस्ता तुटला होता. आत्या सहा वर्षांची. आजोबा आधीच गेलेले, आजी तापानं फणफणलेली, अंगावरचं दूध आटलेलं. एके सकाळी रसदीचा एक ट्रक कसाबसा गावात पोचला. शाळेसमोर पिठाची पोती उतरली. आजीनं काही मागितलं नाही, नुसती पोराला घेऊन ट्रकशेजारी उभी राहिली. ड्रायव्हरनं तिच्याकडं पाहिलं, ट्रकवरच्या जोडीदाराकडं पाहिलं आणि ट्रकचा मागचा फाळका खाली केला.

"रिकाम्या पोत्यांखाली बसा," तो म्हणाला. "नाक्यावर आवाज नको."

नाक्यावर नेमकं पोर रडायला लागलं. आजीनं छातीशी दाबून धरलं तरी थांबेना. तेव्हा ड्रायव्हरनं जागच्या जागी इंजिन असं काही रेटलं की सगळा ट्रक थरथरायला लागला. बाहेर कुणीतरी साहेब त्याच्यावर ओरडत होता, पेट्रोल तुझ्या बापाचं आहे का म्हणून. ड्रायव्हर म्हणत होता, "साहेब, थंड पडलंय, बंद पडेल." ट्रक सुटला.

आत्याला पोत्यांच्या फटीतून केबिनची मागची काच दिसत होती. काचेतून ड्रायव्हरची मान आणि वरून दुमडलेला एक कान. बस, तेवढाच तो तिला आठवत होता. जोडीदार मागं त्यांच्याबरोबर बसला होता, पण त्याचेही हातच तिच्या लक्षात राहिले, ताडपत्रीची दोरी आवळणारे. पुलापलीकडं दवाखान्याचे तंबू होते. तिथं त्या हातांनी तिला खाली उतरवलं, आजीच्या ओंजळीत दुधाच्या पावडरीचा डबा ठेवला आणि ट्रक वळला.

"नाव विचारायचं राहूनच गेलं," आत्या म्हणाली. "आई मरेपर्यंत हळहळत होती."

पहिला ट्रक तिच्या हातून वाकडा झाला. दुसरा मागवला, त्याचा रंग फुगला. पण कवळीत हिरडीचा रंग जुळवणारी बाई ती, हार मानतेय कसली. वर्षाभरात तिच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नाही. ट्रकच्या बाजूंना चिखल, चाकांत अडकलेलं गवत, ताडपत्रीला ठिगळ. ती खऱ्या कापडाचा कपटा गोंदात भिजवून ताडपत्री करायची. जोडीदाराच्या हातांवर तिनं किती दिवस घालवले ते मी पाहिलंय. ड्रायव्हर मात्र ती नेहमी पाठमोरा बसवायची. दुमडलेला कान दिसायचा, तोंड केबिनच्या अंधारात.

असली मॉडेल्स करणाऱ्या लोकांचं एक मंडळ होतं. त्यांनी वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरवलं, तेव्हा मी आग्रहानं तिला ट्रक मांडायला लावला. रणगाड्यांभोवती गर्दी, आमच्यापाशी कुणी नाही. आत्या स्टुलावर बसून शेंगदाणे खात होती.

दुपारी काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांची सून पुस्तकं बदलायला आली होती, आणि हे बसायला खुर्ची शोधत होते. आमच्या टेबलापाशी थबकले. वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले, तेव्हा मी खुर्ची पुढं केली.

"फाळक्याची एका बाजूची साखळी नाही," ते म्हणाले.

"नव्हतीच," आत्या म्हणाली. "तार बांधली होती."

"हो. त्या साखळ्या टिकायच्याच नाहीत. आम्ही सगळेच तार बांधायचो." मग त्यांनी आत्याकडं नीट पाहिलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

आत्यानं शेंगदाण्यांची पुडी बाजूला ठेवली आणि सांगितलं. पोती, नाका, इंजिनाचा आवाज, पूल, डबा. म्हातारबाबा ऐकत होते, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"तो मी नव्हे," ते शेवटी म्हणाले. "आधीच सांगतो. माझे दोन्ही कान सरळ आहेत."

"दिसतंय मला."

"पण त्याच रस्त्यावर ट्रक चालवत होतो. माणसं घ्यायची नाहीत असा हुकूम होता. तरी सगळेच घ्यायचे. एकदा एक बाई शिवणयंत्र घेऊन बसली, मांडीवरून खाली ठेवायला तयार नाही." ते थोडं हसले. "पुलापाशी उतरवायचं आणि वळायचं. त्यांचं पुढं काय झालं, कुणी सांगितलंच नाही कधी. माझा जोडीदार म्हणायचा, अरे, त्या तापाच्या लेकरांनी रात्र तरी काढली असेल का. तो गेला, तरी मला ते आठवतं."

"आम्ही काढली," आत्या म्हणाली. "आईचा ताप चौथ्या दिवशी उतरला. माझे दात पडले, नवे आले. मी पोटापुरतं कमावलं. आणि ते तान्हं होतं ना, त्याचं आता पोट सुटलंय. ही त्याची मुलगी."

म्हातारबाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी नमस्कार केला.

"तुमचे आभार मानायचे आहेत मला," आत्या म्हणाली.

"अहो, पण तो मी—"

"तुम्ही नव्हे, ठाऊक आहे. पण तो मला आता कुठं भेटणार? तुम्ही घ्या त्याच्या वतीनं."

त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "घेतो." आणि मग, "मीही तुमचे मानतो. जगलात, ते बरं केलंत."

मी बाहेर जाऊन बाबांना फोन केला. त्यांना म्हटलं, असाल तसे या. बाबा म्हणजे बोलघेवडा माणूस, रिक्षावाल्याशीही घरच्यासारख्या गप्पा मारणारा. ते आले, सगळं ऐकलं. म्हातारबाबांचा हात दोन्ही हातांत धरून नुसते उभे राहिले. शेवटी म्हणाले, "मी फार रडत होतो, असं म्हणतात."

"तान्ही पोरं रडायचीच," म्हातारबाबा म्हणाले. "इंजिन त्यासाठीच असतं."

पुढचे काही महिने ते दर आठवड्याला आत्याकडं येत. त्यांच्या जोडीदाराचा चेहरा आत्यानं त्यांना विचारत विचारत मेणात घडवला. नाक जरा मोठं, भुवया जुळलेल्या, ओठांत विझलेली विडी. म्हातारबाबा म्हणत, "अजून जरा खट्याळ." चेहरा जमला त्या दिवशी त्यांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि आत्याला दुसरा चहा करायला लावला. तो चेहरा बसवलेला ट्रक आता त्यांच्या घरी आहे. सून सांगते, जेवताना ते त्या दिवसांबद्दल बोलतात. आधी कधी बोलत नसत.

पण मला जास्त आठवते ती प्रदर्शनाची संध्याकाळ. सून पुस्तकं घेऊन पुढं गेली होती. बाबा म्हणाले, मी सोडतो यांना घरी. बाबांच्या गाडीत म्हातारबाबा पुढं बसले, आत्या आणि मी मागं. टेकडीच्या रस्त्याला लागलो तेव्हा म्हातारबाबांनी समोर बोट केलं.

"चढ आहे," ते म्हणाले. "दुसरा टाका."

बाबांनी दुसरा गिअर टाकला.