मुफलाली साहेबांचा बैल

मोंगूहून बदली होऊन इनोंगेबाई लिव्हिंगस्टनच्या शाळेत आल्या, त्याला दीड महिना झाला होता आणि एवढ्या दिवसांत त्यांचा कोणी एकदाही अपमान केला नव्हता. सगळे आदराने वागत. बाईंना करमत नव्हतं.

एप्रिलात त्या चौथीच्या मुलांना घेऊन धबधब्यावर गेल्या. नदी दुथडी भरून वाहत होती आणि तुषारांचा धूर थेट रस्त्यावर येत होता. फाटकाशी एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई भाड्याने रेनकोट देत होती. तिने नाव विचारलं, ऐकलं, हातातला बरा कोट परत खुंटीला लावला आणि पाठीवर फाटलेला एक काढून दिला.

"लोझी ना तुम्ही? तुम्हाला कशाला हवाय धड कोट? तुमच्या मुलखात निम्मं वर्ष पुरातच बसलेल्या असता."

"टोंगांकडे धड वस्तू मिळेल अशी आशा नव्हतीच मला," बाई म्हणाल्या, आणि तो कोट घालून सकाळभर समाधानाने भिजल्या.

लोझी आणि टोंगा या दोन जमातींत चेष्टेचं नातं आहे. कधीकाळी लोझींनी टोंगांची गुरं पळवली. भांडण मिटलं, टोमणे राहिले. एकाने लागेल असं बोलायचं, दुसऱ्याने चेहरा न हलवता परतफेड करायची, राग कोणी धरायचा नाही. मयतालाही यातून सूट नाही.

ती रेनकोटवाली म्हणजे जेलिता मुन्साका. पुढे ती बाईंच्या ओसरीवर येऊन बसू लागली. बसल्याबसल्या बाईंच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची आणि ताट स्वच्छ करून उठायची. तिला अभयारण्यात वाटाड्या व्हायचं होतं. लोकांना कोट चढवून फाटकातून आत सोडायचं आणि आपण बाहेर उभं राहायचं, याचा तिला कंटाळा आला होता. परीक्षेला ती एकदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा नापास झालं की दार कायमचं बंद, असा नियम होता. उकडलेल्या शेंगा सोलत बाई वर्षभर तिला प्राण्यांच्या सवयी विचारत राहिल्या.

लेखी परीक्षा पार पडली. जंगलातल्या चाचणीला पर्यटक म्हणून कोणीतरी लागतं, म्हणून बाई गेल्या. परीक्षक राजधानीहून आले होते. उंच, इस्त्रीचे कपडे, नाव गॉडविन मुफलाली. नाव ऐकताच जेलिताचा चेहरा उजळला. मुफलाली म्हणजे अस्सल लोझी नाव. शिवाय पाहुण्यांना मोकळं वाटेल असं वागण्याला या परीक्षेत वेगळे गुण असतात.

"साहेब, तुम्ही पुढे चाला," ती म्हणाली. "तुमच्या आजोबांनी आमचा बैल नेला, तो अजून आला नाही. चोराच्या नातवाला मी पाठीमागे ठेवत नसते."

सोबत आलेला बंदूकवाला रक्षकही टोंगाच होता, तो हसला. बाई हसल्या. आता साहेब काहीतरी झोंबणारं बोलतील म्हणून तिघंही थांबले.

"मी काओंडे आहे," साहेब म्हणाले.

काओंडे ही तिसरीच जमात, या चेष्टेत नसलेली. जेलिताने हाताची बोटं एकमेकांत अडकवली. ज्याच्याशी नातं आहे त्याला चोर म्हणणं ही माया. ज्याच्याशी नाही त्याला चोर म्हणणं म्हणजे चोर म्हणणं. तिने माफी मागितली. साहेबांनी मान हलवली आणि चालायला सुरुवात करायला सांगितलं.

ती चालली, आणि चांगली चालली. वाळलेली माती चिमटीतून सोडून तिने वारा पाहिला. पिलासह एक हत्तीण वाटेवर आली, तेव्हा तिने सगळ्यांना झाडाच्या बुंध्याआड नेलं आणि हत्तीण जाईपर्यंत कुजबुजूही दिलं नाही. एका पक्ष्याचं नाव तिने चुकीचं सांगितलं. पण विनोद एकही केला नाही, आणि विनोद न करणारी जेलिता बाईंना ओळखू येईना.

गेंडे पाहून झाल्यावर सगळे सावलीत बसले. बाईंनी शेंगा पुढे केल्या. मग बाईंनीच विचारलं, काओंडे माणसाला हे नाव कसं?

साहेबांनी एक शेंग सोलली. वडील लहानपणीच गेले, म्हणाले. आईने दुसरं लग्न केलं ते रेल्वेतल्या एका लोझी गार्डशी. वाढवलं त्यांनी, नावही त्यांचंच. ते वारले तेव्हा शेजारचे टोंगा मयताला आले. त्यांतला एक कबरीच्या खड्ड्यात उतरून आडवा झाला आणि आमचा बैल आल्याशिवाय या चोराला जागा मिळणार नाही म्हणाला. चौदा वर्षांच्या गॉडविनने त्याला ढेकळं मारली. लोकांनी धरून बाजूला नेलं.

"नंतर कळलं, तो बाबांचा सगळ्यांत जवळचा मित्र होता," साहेब म्हणाले. "त्याला मी काहीच उत्तर दिलं नाही."

जेलिता त्यांच्याकडे बघत होती. "मग मी बोलले ते तुम्हाला नव्हतं, साहेब," ती हळूच म्हणाली. "ते तुमच्या बाबांना होतं. त्यांच्या वतीने बोला काय बोलायचं ते."

साहेबांनी हातावरची टरफलं झटकली. चेहरा होता तसाच.

"तो बैल लंगडा होता," ते म्हणाले. "बाबा सांगायचे, टोंगांनी मुद्दाम चोरू दिला."

रक्षकाला बंदूक खाली ठेवावी लागली. बाईंनी पदराने डोळे पुसले असते, पण पदर नव्हता. त्यांनी कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या टोकाने पुसले. जेलिता हसली नाही. तसा रिवाजच आहे. तिने मान तुकवून टाळी वाजवली, मोठ्यांसमोर वाजवतात तशी, मंद.

साहेबांनी पक्ष्याचे गुण कापले. बाकीचे दिले.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. जेलिता आता सकाळच्या पहिल्या पाळीला गेंड्यांच्या वाटेवर माणसं नेते. गुडघा दुखतो म्हणून दुपारची पाळी तिने सोडली आहे.