दुखतं नाही, जळतं

मी श्रीरामपूर डेपोत कंडक्टर आहे. चार वर्षांपूर्वी बोटांचे सांधे सुजायला लागले आणि तिकिटाच्या मशीनचं बटण दाबताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. सकाळी तासभर मूठ वळायची नाही. वेणी नवरा घालून द्यायचा, तीही वाकडी. हा संधिवाताचा चिवट प्रकार आहे, नुसत्या गोळ्यांना दाद देणार नाही, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि इंजेक्शन सुरू केलं. दर पंधरा दिवसांनी एक, आणि तेही माझं मीच मांडीत घ्यायचं. औषध भरलेली सुई जाड पेनच्या आकाराची येते, तिला पेनच म्हणतात. नर्सने रिकाम्या पेनवर दोनदा करून दाखवलं.

"टोपण काढायचं, मांडीवर टेकवायचं, दाबायचं आणि दहा मोजायचे. झालं."

तिला झालं म्हणायला काय जातं. पहिल्याच रविवारी चार म्हणेपर्यंत मांडीत अशी आग उठली की मी पेन उचललं, आणि निम्मं औषध मांडीवरून ओघळून फरशीवर गेलं. पुढचे पंधरा दिवस बोटं फुगलेलीच. पुन्हा पेन उचलायचं नाही हे मी शिकले, पण सहा-सात आकड्यांना दातात ओढणी धरल्याशिवाय बसता येईना.

त्यात घरच्यांचे सल्ले. नवरा म्हणायचा, "तू दुसरीकडे बघ." दुसरीकडे बघितलं तर तिकडे सासूबाई डोळे घट्ट मिटून उभ्या, जणू सुई त्यांनाच टोचतेय. मी म्हटलं, "तुम्ही बाहेर जाऊन बसा बरं." त्या गेल्या आणि दारातूनच विचारायला लागल्या, "झालं का गं? अजून नाही झालं?"

खरा वैताग असा की औषध लागू पडलं. तीन महिन्यांत मूठ वळायला लागली. लागू पडलं नसतं तर बंद तरी करता आलं असतं. दर तपासणीला डॉक्टर विचारायचे, "इंजेक्शनचा काही त्रास?" मी म्हणायचे, "खूप दुखतं." ते म्हणायचे, "सुई आहे, थोडं दुखणारच," आणि पुढच्या पेशंटची फाइल ओढायचे. अशी दोन वर्षं गेली.

मागच्या हिवाळ्यात मी टाळाटाळ सुरू केली. रविवारचं सोमवारवर, सोमवारचं मंगळवारवर. बुधवारी बोटं परत जड झाली. तेव्हा मीच मला कोंडीत पकडायचं ठरवलं. औषध गारच ठेवावं लागतं, म्हणून पेन बर्फाच्या डब्यात घालून डेपोत नेलं. दोन फेऱ्यांमध्ये पाऊण तास असतो, तेवढ्यात बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत घेऊन टाकायचं. खोलीत गेले, टोपणाला हात लावला आणि परत बाहेर आले. चहा घ्यायला कॅन्टीनमध्ये गेले.

कॅन्टीनवाल्या चाचांना साखरेचा आजार आहे. ते जेवणाआधी गल्ल्यामागे उभं राहून पोटात इन्सुलिन घेतात आणि घेता घेता गिऱ्हाइकाला सांगतात, वडा गरम आहे म्हणून. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. मला ते बघून राग आला.

"चाचा, तुम्हाला काहीच होत नाही का हो?"

"मुंगी चावल्यावानी. का बरं?"

मी डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुखतं कधी बाई? सुई आत जाताना, का दवा आत जाताना?"

दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग बघा की. आन हे बर्फातून काढून लगेच टोचता व्हय? अर्धा तास बाहेर राहू द्या. गार दवा लई झोंबती."

गाडी सुटायला वेळ होता. पेन टेबलावर ठेवून मी दोन चहा प्यायले. मग खोलीत जाऊन घेतलं, आणि या वेळी नीट लक्ष दिलं. सुई गेली ते जवळजवळ कळलंच नाही. तीन म्हणेपर्यंत काही नाही. मग आग. आधीपेक्षा जरा कमी, पण आगच.

बाहेर येऊन चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "मग सुईचा दोष न्हाई. दाक्तरला तसं सांगा."

पुढच्या तपासणीला मी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "सर, सुई दुखत नाही. औषध आत गेल्यावर जळतं."

डॉक्टरांनी हातातलं लिहायचं पेन खाली ठेवलं. "जळतं? मग याच औषधाचा दुसरा प्रकार मिळतो. जळजळ करणारा घटक त्यात नसतो."

"कधीपासून मिळतो?"

"झाली काही वर्षं."

"मग मला का नाही दिला?"

"तुम्ही दुखतं म्हणत होतात," ते शांतपणे म्हणाले. "जळतं म्हणाला नाहीत."

मी रोज शंभर माणसांशी भांडते. सुट्ट्या पैशांवरून, खिडकीवरून, पिशवी कुठे ठेवायची यावरून. त्या दिवशी नुसती चिठ्ठी घेतली आणि बाहेर आले.

नवीन पेनाच्या पहिल्या रविवारी मी दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत. आग आलीच नाही. पेन हातात धरून बसून राहिले आणि त्या दोन वर्षांतले सगळे रविवार आठवून रडले. नवरा घाबरून आत आला.

"एवढं दुखलं?"

"नाही दुखलं," मी म्हटलं. "म्हणूनच."

त्याला काही कळलं नाही. मीही समजावत बसले नाही.

आता अडचण अशी की हा नवीन प्रकार आमच्या गावात मिळत नाही. औषधवाला नगरहून मागवतो आणि दर वेळी उद्या येईल म्हणतो. परवा तिसऱ्यांदा फोन केला तर म्हणाला, "ताई, जुन्या प्रकारचं आहे शिल्लक. दोन्हींत औषध एकच आहे, ते देऊ का?" मी फोन ठेवला, रजेचा अर्ज लिहिला आणि सकाळच्या गाडीने स्वतःच नगरला निघाले.