उशिरा येणाऱ्या मुलीचं नाव

नातीच्या नायगावच्या शाळेत आजी-आजोबांना बोलावलं होतं. तुमच्या वेळची शाळा कशी होती ते मुलांना सांगा, असं बाईंचं म्हणणं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण गेले.

वर्गाच्या भिंतीवर मुलांनीच ठरवलेले नियम लावले होते. एक होता, उशिरा आलेल्याला आधी कारण विचारायचं. मला हसू आलं. आमच्या सांडोरच्या शाळेत उशिरा येणाऱ्याचं नाव फळ्यावर जायचं आणि हातावर दोन छड्या बसायच्या. अक्षर चांगलं म्हणून गुरुजींनी मला मॉनिटर केलं होतं, नावं मीच लिहायची. हे मी मुलांना ऐटीत सांगितलं.

सगळ्यात जास्त वेळा कोणाचं नाव लिहिलं, असं एका मुलाने विचारलं. होती एक मुलगी, रोजच उशिरा यायची, मी म्हटलं.

"का?"

का ते मला पक्कं ठाऊक होतं. ती आईबरोबर आमच्याच फुलांच्या वाडीत कामाला होती. पहाटेपासून मोगरा खुडायचा, टोपल्या भरायच्या. मुंबईचा माल रवाना झाल्याशिवाय माझे वडील तिला सोडत नसत. मी वेणी घालून, चहा-भाकरी खाऊन तिच्या समोरून शाळेत जायची. ती येण्याआधीच तिचं नाव लिहून ठेवायची. एकदा गुरुजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या आळीतली ना ती, घरी काही अडचण आहे का? मी नाही म्हणाले. वडिलांना वाचवायचं वगैरे डोक्यात नव्हतं. मला नावं लिहिल्याची शाबासकी हवी होती.

तिने कधी तोंड उघडलं नाही. हात पुढे करायची. त्या हातांना मोगऱ्याचा वास यायचा, पुढच्या बाकांपर्यंत यायचा. तिसरीतच तिची शाळा सुटली. वाडीतलं काम सुटलं नाही.

मुलं उत्तराची वाट बघत होती. नात पहिल्याच बाकावर होती.

"काय माहीत," मी म्हणाले. "झोपाळू असेल."

मुलं हसली. बाईही हसल्या.

घरी येताना नात म्हणाली, "आजी, तू पण तिला कधीच विचारलं नाहीस?"

रस्त्याकडे बघून चाल, असं मी तिला खेकसून सांगितलं.