साडभाऊ आणि गॅरेजची जमीन

काळजी करण्याच्या बाबतीत माझ्या साडभाऊंशी बरोबरी करील असा माणूस गोंदिया जिल्ह्यात तरी मला भेटलेला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शाळेतून निवृत्त होऊन गोरेगावात राहतात. गोंदियाला आमच्याकडे यायचं असलं की साडेनऊच्या एसटीसाठी साडेआठलाच स्टँडवर हजर. बस वेळेवर आली तर ड्रायव्हर भरधाव आला असेल ही काळजी, उशिरा आली तर ब्रेक बिघडला असेल ही काळजी. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतात, चार पावलं जातात आणि परत येऊन चौथ्यांदा ओढतात. एकदा इतक्या जोरात ओढलं की कडीच उखडून हातात आली. "पाहा! म्हणून पाहा लागते," असं ते वर मलाच म्हणाले.

अशा माणसाच्या बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. नागपूरच्या डॉक्टरांनी पथ्यपाण्याचं पुष्कळ काही सांगितलं, पण साडभाऊंच्या कानात एकच वाक्य राहिलं : "यांना पडू देऊ नका." बाईंना आता मोटरसायकलवर मागे बसणं जमणार नव्हतं, म्हणून साडभाऊ बासष्टाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले आणि एक जुनी मोटार घेतली. घराला लागून गॅरेज काढलं. बाईंनी गाडीतून उतरावं आणि आतल्या दाराने थेट घरात शिरावं, ही योजना. भिंती झाल्या, पत्रे चढले. राहिली फक्त जमीन. बाई तोवर नागपूरला मुलीकडे होत्या आणि महिन्याभरात परत यायच्या होत्या.

मग माझा फोन सकाळी सहापासून वाजू लागला. "भाऊ, गुळगुळीत केलं त पाय घसरते. खरखरीत केलं त वॉकर अडकते. शहाबादी गाडीच्या वजनानं तडकते म्हणून राहिला मिस्त्री. पेव्हर ब्लॉक खालीवर होतेत. सांगा, करू काय?" मी काहीही सांगितलं तरी संध्याकाळपर्यंत त्यात त्यांना बाई पडण्याच्या तीन नव्या शक्यता सापडलेल्या असत. होता होता ती काळजी मलाही लागली. बँकेत गेलो की मी माणसांची तोंडं सोडून त्यांच्या पायाखालची फरशी बघू लागलो.

शेवटी ते गोंदियाच्या एका टाइल्सच्या दुकानात मला घेऊन गेले. एका हातात कुणाकडून तरी मागून आणलेला वॉकर, दुसऱ्या हातातल्या पिशवीत पाण्याची बाटली आणि इंजिनचं जुनं ऑइल. "तुमचं वजन तिच्याएवढंच आहे," असं म्हणून त्यांनी तो वॉकर माझ्या हाती दिला. मी भर दुकानात टक टक करीत फेऱ्या मारतोय, एक अनोळखी काकू "भाऊ, पायाले काय झालं जी?" असं कळवळून विचारताहेत, आणि साडभाऊ एकेका नमुन्यावर आधी पाणी, मग तेल ओतताहेत. दुकानदार हात जोडून म्हणाला, "अंकल, टाइल लेनी है या तलनी है?"

उत्तर द्यायला साडभाऊ वळले आणि त्याच तेलावरून सटकून दाणकन खाली बसले. बसल्या जागी त्या टाइलवर बोट ठेवून म्हणाले, "हे नाही पाहिजे." सगळं दुकान हसलं. मीही हसलो. त्यांना उठवायला मी हात दिला. "मी पडलो त काही नाही गा भाऊ," ते हळूच म्हणाले, "थे पडली त?" मला पुढे हसता आलं नाही.

तोड काढली ती कामठ्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने. "गुरुजी, कायले एवढा विचार करता? साधं काँक्रीट टाका. ओलं असतानाच वरून खराटा फिरवून देतो. गाडीलेही चालते, माणसालेही." साडभाऊंनी अंगणात त्याच्याकडून कमीजास्त रेघांचे चार तुकडे करून घेतले आणि चारींवरून डोळे मिटून, अनवाणी चालून एक निवडला. काँक्रीट पडल्यावर चारी बाजूंनी मातीचा बांध घालून इतकं पाणी साठवलं की मिस्त्री म्हणाला, "हे त शेतातली बांधी झाली गुरुजी, आता धानाचा रोवणाच करून टाका!" तरी रोज एकदा फोन यायचाच : "तडा त नाही जाणार ना?"

बाई आल्या त्या दिवशी गोंदिया स्टेशनवरून साडभाऊंनी स्वतः गाडी चालवली. मी मागे बसलो होतो. दोन सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले. गॅरेजमध्ये गाडी थांबली, बाई उतरल्या, त्यांनी वॉकर पुढे टेकवला. एक पाऊल. दुसरं. आणि मधेच थांबल्या. साडभाऊंचा चेहरा पांढराफटक.

"काऊन थांबली? दुखून राहिलं का? अडकला का वॉकर?"

"पाह्यू त द्या जरा," बाई म्हणाल्या. "गाडीले एवढी मोठी खोली? माह्या रांधणीपेक्षा मोठी!" आणि दाराकडे वळायचं सोडून त्या सरळ समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या, भिंतीला हात लावून परत आल्या. "पाय चांगला बसते इथं," म्हणाल्या. "मी रोज इथंच चालीन. गाडी ठेवा बाहेर."

तेव्हापासून मोटार अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. बाईंचा वॉकर सुटला, मग काठीही सुटली. आता त्या मोकळ्या हाताने चालतात. परवा गेलो तेव्हा सकाळचं कोवळं ऊन गॅरेजच्या दारातून आत आलं होतं. बाई पुढे, आणि अर्ध्या पावलावर मागे साडभाऊ, दोन्ही हात किंचित पुढे धरून, त्यांना न शिवता. भिंतीशी बाई वळल्या की साडभाऊ हात पटकन पाठीमागे घेऊन पत्र्यांकडे बघत उभे. बाईंना सगळं ठाऊक आहे. म्हणूनच वळण्याआधी त्या भिंतीशी क्षणभर थांबतात, आणि त्यांना हात मागे घ्यायला तेवढा वेळ देतात.